‘खोटं’ आणि ‘खोटं-खोटं’

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या मराठी घरांत एक प्रश्न फिरू लागतो. विचारणारे पालक चांगले शिकलेले असतात आणि प्रश्न पूर्ण गांभीर्याने विचारलेला असतो. नाताळच्या सुट्टीत सहा-सात वर्षांच्या मुलाला कोणता चित्रपट दाखवावा, की ज्यातून सांताक्लॉज खरा नसल्याचे त्याला कळणार नाही? मग याद्या तयार होतात. अमुक चित्रपट ‘सुरक्षित’, तमुक ‘जपून’, आणि आणखी एखाद्याबद्दल असाही सल्ला, की अमक्या प्रसंगाच्या वेळी मुलाला पाणी आणायला स्वयंपाकघरात पाठवावे.

माझा आक्षेप सांताक्लॉजला नाही. चित्रपटांना तर मुळीच नाही. आक्षेप आहे तो ‘श्रद्धा टिकवणारा चित्रपट’ या निकषाला. हा निकष वाङ्मयीन दृष्ट्या चुकीचा आहे, कारण तो कल्पित आणि असत्य यांतला भेद पुसून टाकतो. नैतिक दृष्ट्या तो त्याहून वाईट आहे, कारण त्याची किंमत दुसऱ्याच कोणाची तरी मुले चुकवतात. साहित्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांनी या घरगुती वाटणाऱ्या प्रश्नात लक्ष घालावे असे मला वाटते, ते यासाठी. कथेशी माणसाचे नाते कसे असते हा आपल्या अभ्यासाचा मूळ प्रश्न आहे, आणि त्याचे पहिले उत्तर मूल वर्गात येण्याच्या पुष्कळ आधी घरात मिळवते.

प्रथम याद्यांतले चित्रपटच पाहू. ‘मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट’ हा १९४७चा चित्रपट अशा प्रत्येक यादीत मानाच्या जागी असतो. त्यातल्या आईने आपल्या मुलीला सांताक्लॉज वगैरे काही नसते असे शिकवूनच वाढवले आहे. न्यूयॉर्कमधल्या मेसीज या मोठ्या दुकानात सांता म्हणून नेमलेला म्हातारा स्वतःला खराच सांता म्हणवतो. तो वेडा आहे की नाही हे ठरवण्यासाठी न्यायालयात सुनावणी होते. शेवटी टपालखाते सांताच्या नावे आलेल्या पत्रांच्या थैल्या त्याच्यापुढे आणून ओतते आणि न्यायाधीश पेचातून सुटतात. ‘द सांता क्लॉज’मध्ये (१९९४) मुलाचा सावत्र बाप मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि सांता हा भ्रम आहे अशी त्याची पक्की खात्री आहे. ‘एल्फ’मध्ये (२००३) लोकांचा विश्वास आटल्यामुळे सांताची गाडी हवेत तरंगेनाशी झाली आहे. ‘द पोलर एक्सप्रेस’चा (२००४) लहानगा नायक नाताळच्या रात्री जागा आहे तो शंकेमुळे, बर्फगाडीच्या घंटेचा आवाज त्याला ऐकू येतो तो विश्वास ठेवल्यानंतरच.

या चारही चित्रपटांत समान काय आहे? शंका. चौघांचेही कथानक शंकेवाचून एक पाऊल पुढे सरकत नाही. सांतावर विश्वास ठेवायचा की नाही हा त्यांतला संघर्ष आहे. म्हणजे विश्वास न ठेवण्याची शक्यता त्यांनी आधीच पटकथेत रुजवलेली आहे. ज्या मुलाला शंका कधी आलीच नव्हती, त्याला हे चित्रपट पहिल्यांदा कळवतात की सांताच्या बाबतीत शंका घेता येते, मोठी माणसे ती घेतात, इतकेच नव्हे तर त्यावर कज्जे चालतात. कीर्तनाला उभे राहिलेले बुवा विठ्ठलाचे अस्तित्व आधी सिद्ध करून मग अभंगाकडे वळत नाहीत. जिथे श्रद्धा नांदते तिथे तिची वकिली करावी लागत नाही, आणि वकील उभा राहिला की समजावे, प्रकरण न्यायप्रविष्ट झालेले आहे. तेव्हा ‘श्रद्धा टिकवणारा सांतापट’ ही संज्ञाच वदतोव्याघात आहे. याद्या करणाऱ्यांनी ज्यांना ‘सुरक्षित’ म्हटले, तेच चित्रपट त्यांच्याच निकषावर सर्वांत असुरक्षित ठरतात.

हे चित्रपट असे का आहेत? कारण ते मुलांच्या श्रद्धेविषयीचे नाहीतच. ते मोठ्यांच्या हुरहुरीविषयीचे आहेत. या परंपरेचा एक उगम न्यूयॉर्कच्या ‘सन’ या दैनिकाच्या २१ सप्टेंबर १८९७च्या अग्रलेखात सापडतो. व्हर्जिनिया ओहॅन्लन या आठ वर्षांच्या मुलीने सांताक्लॉज आहे का, असे पत्राने विचारले होते आणि फ्रान्सिस चर्च या संपादकीय लेखकाने ‘आहे’ असे उत्तर दिले. उत्तर मुलीच्या नावे असले तरी अग्रलेख वाचतात ती मोठी माणसे. विज्ञानाने आणि व्यवहाराने कोरड्या पडलेल्या त्या वाचकांना चर्च दिलासा देत होता. पुढच्या सव्वाशे वर्षांत हा दिलासा मोठा व्यवसाय झाला. आपल्या डोंबिवलीतल्या पालकाने तो मुलासाठी आणला असे त्याला वाटते; प्रत्यक्षात त्याने तो स्वतःसाठी आणलेला असतो. मुलाने अजून काही वर्षे ‘लहान’ राहावे, ही इच्छा बापाची आहे. ती समजण्यासारखी आहे, पण तिला मुलाची श्रद्धा म्हणू नये.

इथे एक वेगळा आक्षेप घेणारे सद्गृहस्थ हटकून पुढे येतात, त्यांना आधी वाट करून देऊ. त्यांचे म्हणणे, की मुळात सांता हवाच कशाला? तो परका, मराठी घरात त्याचे काम काय? या मंडळींशी माझे जमत नाही. नाताळ मराठीला परका नाही. तो शब्दच पोर्तुगीजांकडून येऊन इतका मुरला आहे की आपल्याला तो उसना वाटत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले. ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत येऊन चार शतके उलटली. पुढे रेव्हरंड टिळक झाले, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ झाली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ठाण्यात तर चौऱ्याऐंशीवे साहित्य संमेलन भरले तेच मुळी २०१०च्या डिसेंबरात, ऐन नाताळात. उलट, ज्या नववर्ष स्वागतयात्रेला आपण डोंबिवलीची परंपरा म्हणून मिरवतो, ती १९९९मध्ये सुरू झाली. परंपरेचे वय विचारू लागलो तर या सद्गृहस्थांचीच पंचाईत होईल.

मात्र या इतिहासातून एक गोष्ट लक्षात येते. मराठीतल्या त्या जुन्या नाताळच्या केंद्रस्थानी गव्हाणीतले बाळ आहे, भेटवस्तूंचे पोते घेतलेला म्हातारा नाही. ठाण्या-वसईच्या ख्रिस्ती घरांतली मुले तो गोठा पुठ्ठ्याचा, गवताचा, मातीच्या बाहुल्यांचा करतात. स्वतःच्या हातांनी करतात, आणि मग त्यापुढे प्रार्थनाही म्हणतात. हा गोठा खरा आहे का, असा प्रश्न कोणाला पडत नाही. मॉलमधला सांता मात्र तयार येतो. त्याच्या बाबतीत मुलाला करण्यासारखे काहीच नाही. मागणे आणि मिळणे एवढेच. म्हणून तर त्याच्या खरेपणाची इतकी राखण करावी लागते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मराठीत एक जोडशब्द आहे, जो प्रत्येक मुलाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी अवगत असतो आणि ज्याकडे आपल्या सौंदर्यशास्त्राने पुरेसे लक्ष दिलेले नाही: ‘खोटं-खोटं’. ‘खोटं’ बोलणे हा अपराध आहे. त्यासाठी मार बसतो. ‘खोटं-खोटं’ जेवणे, ‘खोटं-खोटं’ रडणे, ‘खोटी-खोटी’ शाळा हा खेळ आहे, आणि त्यासाठी मार देणारा मूर्ख ठरतो. तोच शब्द दोनदा उच्चारला की पाप पुसले जाते आणि कला सुरू होते. भातुकलीतल्या बोळक्यातला भात रिकामा आहे हे मुलीला ठाऊक असते, तुम्हालाही ठाऊक असते. पण तुम्ही तो नीट चावून ‘मीठ कमी आहे’ असे म्हटले नाही तर ती रागावते. ‘यात भातच नाही’ असे म्हणणारा पाहुणा तिच्या लेखी सत्यवादी नसतो. त्याला खेळता येत नाही, इतकेच. आस्वादक कलाकृतीपुढे अविश्वास बाजूला ठेवतो, हे आपण एम. ए.च्या वर्गात कोलरिजच्या नावाने शिकवतो. बोळक्यातल्या भाताने ते आधीच शिकवलेले असते.

आपल्या घरातले सगळे बालपण या जोडशब्दावर उभे आहे. दिवाळीत इमारतीच्या आवारात पोरे मातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, महाराजांना वर बसवतात आणि मावळ्यांना बुरुजावर. माती कुठून आणली हे प्रत्येकाला माहीत असते. तरी किल्ल्यावर पाय पडला तर भांडण होते. गणपतीची मूर्ती आपण मुलाला बरोबर नेऊन कारखान्यातून ठरवतो. रंग न दिलेल्या, डोळे न उघडलेल्या मूर्तींच्या रांगा त्याने पाहिलेल्या असतात. किमतीची घासाघीसही त्याच्या देखत झालेली असते. नंतर प्राणप्रतिष्ठा होते, आणि दीड दिवसाने कल्याणच्या दुर्गाडीजवळच्या खाडीत नाहीतर ठाण्याच्या मासुंदा तलावावर तेच मूल हुंदके देऊन रडते. त्याची ‘श्रद्धा टिकवण्यासाठी’ पेणचा कारखाना आपण कधी लपवला का? पार्थिव या शब्दातच माती आहे. आवाहन आणि विसर्जन या दोन विधींच्या मधला काळ खरा मानायचा, आणि तो संपल्यावर माती पाण्याला परत द्यायची, ही जाण आपल्याकडे सहा वर्षांच्या मुलाला असते. ‘मानणे’ हे क्रियापद मराठीने उगाच घडवलेले नाही. देव ‘मानतात’. मानण्यात कर्तृत्व आहे. फसण्यात ते नसते.

बालरंगभूमीने हेच ओळखले होते. सुधा करमरकर यांनी १९५९मध्ये लिटल थिएटर काढले आणि रत्नाकर मतकरींच्या ‘मधुमंजिरी’ने प्रारंभ केला, तेव्हापासून मराठी मूल नाट्यगृहात राक्षसाला आणि चेटकिणीला भेटत आले आहे. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकर करत, अलीकडच्या पुनरुज्जीवित प्रयोगांत वैभव मांगले यांनी केली. पुरुष लुगडे नेसून चेटकीण झाला आहे हे पोरांना पहिल्या पाच मिनिटांत कळते. तरी ती किंचाळतात, खुर्चीखाली दडतात, आणि मध्यंतरात वडे खाऊन पुन्हा भ्यायला ताजीतवानी होऊन येतात. गडकरी रंगायतनात किंवा कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात कोणता पालक मुलाचे डोळे झाकून म्हणतो, की पडद्यामागे पाहू नकोस, चेटकिणीवरचा तुझा विश्वास उडेल?

सांताच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच करतो. एका सुंदर ‘खोटं-खोटं’चे आपण ‘खोटं’ करून टाकतो. खेळात दोन्ही पक्षांना नियम माहीत असतात. फसवणुकीत ते एकालाच माहीत असतात. पुरावे लपवणे, अक्षर बदलून चिठ्ठी लिहिणे, शेजारच्या मोठ्या मुलाला दटावून गप्प करणे, चित्रपटांची झडती घेणे ही सारी लक्षणे खेळाची नाहीत. आणि गंमत अशी, की मूल अनेकदा यातून स्वतःच वाट काढते. ‘होम अलोन’मध्ये (१९९०) केविन हा आठ वर्षांचा मुलगा सांताच्या वेषातल्या एका माणसाला गाठतो. हा खरा सांता नव्हे हे आपल्याला कळते, असे त्याला सरळ सांगतो, आणि तरीही खऱ्या सांतासाठी त्याच्यापाशी निरोप देतो. घरातली माणसे परत यावीत, एवढेच त्याचे मागणे असते. संपूर्ण सांतावाङ्मयात मला हा प्रसंग सर्वांत प्रौढ वाटतो. ज्ञान आणि मागणे त्या मुलाच्या ठायी सुखाने एकत्र राहतात. आणि याद्यांत नेमक्या अशाच प्रसंगांपुढे ‘जपून’ अशी खूण असते!

इथवर वाङ्मयीन मुद्दा झाला. तेवढाच असता तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. दुसरा मुद्दा अधिक जिव्हारी लागणारा आहे.

सांता नुसता भेट देत नाही. तो चांगल्या मुलांना देतो. चांगल्या-वाईट मुलांची नोंदवही ही त्या कथेची कळ आहे. आता ही कथा ‘खरी’ म्हणून डोंबिवलीच्या एखाद्या शाळेतल्या दुसरीच्या वर्गात नेऊन ठेवा. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी एकाला सायकल मिळालेली असते, दुसऱ्याला रंगपेटी, आणि आई चार घरची धुणीभांडी करते त्या तिसऱ्याला काहीच नाही. बापाच्या पगारात तफावत असते हे सात वर्षांच्या मुलाला समजू शकते. ते तो रोज पाहतोच. पण भेट बापाने दिली नाही, सर्व काही पाहणाऱ्या, निःपक्षपाती म्हाताऱ्याने दिली, असे सगळ्या मोठ्यांनी एकमुखाने सांगितले असेल, तर त्या तिसऱ्या मुलापुढे निष्कर्ष एकच उरतो: मी वाईट आहे. आपल्या मुलाची श्रद्धा टिकवण्यासाठी आपण ज्याच्या माथी हा निष्कर्ष मारतो, ते मूल आपल्या यादीत कुठेच नसते. हा कर्मविपाकाचा सिद्धान्तच आहे, फक्त त्याला लाल टोपी घातलेली आहे.

मराठी चित्रपटाने मुलांच्या विश्वासाची गोष्ट कशी सांगितली, ते इथे शेजारी ठेवून पाहावे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तल्या (२०१३) जब्याचा असा विश्वास असतो, की काळ्या चिमणीची राख टाकली की हवी ती मुलगी आपली होईल. चित्रपट त्या विश्वासाची टर उडवत नाही आणि तो सांभाळतही बसत नाही. त्या चिमणीच्या पाठलागातून जब्या कुठे येऊन पोचतो, ते आपण पाहिले आहे. आणि शेवटचा दगड कोणाच्या दिशेने येतो, तेही. ‘श्वास’मध्ये (२००४) तर मुलाला सत्य सांगावे की नाही, हाच कथेचा गाभा आहे. डोळ्यांच्या कर्करोगामुळे परशाची दृष्टी जाणार आहे. शस्त्रक्रियेआधी मुलाला ते सांगितले गेलेच पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह आहे, आणि आजोबांच्या तोंडून शब्द फुटत नाही. आजोबा शेवटी काय करतात? ते सत्य झाकत नाहीत. नातवाला घेऊन बाहेर पडतात आणि उरलेल्या वेळात डोळे भरून जग दाखवतात. ‘नाळ’मधला (२०१८) चैत्या आपण दत्तक आहोत हे कळल्यावर आईकडे नव्या नजरेने पाहू लागतो, आणि चित्रपट तिथून खोल होत जातो. लहान मुलाला सत्य पेलते की नाही याची चर्चा आपल्या चित्रपटांनी इतक्या गांभीर्याने केलेली असताना, आपण मात्र त्यांच्या प्रेक्षकांच्या पोरांना एका घंटेच्या आवाजापासून जपत बसलो आहोत.

यावर प्रतिवाद ठरलेला आहे. ‘बालपण असते किती दिवसांचे? तेवढी तरी गंमत राहू द्या की.’ गंमत राहावी हेच तर माझे म्हणणे आहे. गंमत ‘खोटं-खोटं’त आहे आणि ते वयाबरोबर संपत नाही, साठीतला माणूसही नाटक पाहून रडतो. संपते ते ‘खोटं’, कारण त्याला उघडकीस येण्याची तारीख असते. त्या तारखेला मुलाला फक्त सांता नसल्याचे कळत नाही. आपले आईवडील इतकी वर्षे, इतक्या चतुराईने, न अडखळता बोलत होते, हेही कळते. सगळीच मुले याने दुखावतात असे मी म्हणत नाही. पुष्कळ जण हसून सोडून देतात. पण त्यांच्या हसण्यावर विसंबून आपण आपली पद्धत योग्य ठरवू नये.

दुसऱ्या टोकाला आपले विवेकवादी मित्र आहेत. त्यांना वाटते, मुलाला पहिल्याच डिसेंबरात सांगून टाकावे की सांता नाही, म्हणजे पुढचे बुवा-बाबा आपोआप टळतील. नरेंद्र दाभोलकरांच्या कार्याविषयी पूर्ण आदर बाळगून मी म्हणतो, की हीही घाईच आहे. रिकाम्या बोळक्याकडे बोट दाखवणाऱ्या पाहुण्याची ती चूक आहे. बुवाबाजीपासून मुलाला वाचवायचे असेल तर त्याला ‘खोटं’ आणि ‘खोटं-खोटं’ यांतला फरक नेमका कळला पाहिजे, आणि तो कळतो खेळून. ज्याला खेळाचे नियम कळतात, त्याला नियम लपवणारा माणूस लवकर ओळखू येतो.

मग नाताळात दाखवावे तरी काय? निकष बदलला की उत्तर सोपे होते. या चित्रपटाने विश्वास टिकेल का, हे विचारू नये. मुलाला यात काही करण्याजोगे आहे का, आणि ज्याला भेट मिळत नाही त्याचे इथे काय होते, हे दोन प्रश्न विचारावेत. ‘क्लाउस’ (२०१९) या चित्रपटात सांताची सारी दंतकथा एक कामचुकार पोस्टमन आणि एक एकाकी सुतार यांच्या हातून, आपल्या डोळ्यांदेखत घडत जाते. एकही रहस्य शिल्लक राहत नाही आणि तरी शेवटी गळा दाटतो. ‘आर्थर ख्रिसमस’मध्ये (२०११) एका मुलीची भेट पोचायची राहून गेली, या एका गोष्टीवर पूर्ण कथा पेटते, कोट्यवधींत एक मूल सुटले तर चालते, असे म्हणणारी यंत्रणा तिथे खलनायक आहे. आणि परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) नाताळचा नसला तरी अवश्य दाखवावा. आपली सायकल विकली जाऊ नये म्हणून पंढरपूरची पोरे यात्रेत बांगड्यांचा गाडा लावतात. धुराड्यातून कोणी उतरत नाही आणि विठोबाही पैसे आणून देत नाही. तरी एकादशी एकादशीच राहते.

चित्रपट चालू असताना मुलाने मध्येच मान वळवून विचारले, ‘बाबा, सांता खरा असतो का गं आई?’, आणि दोघांनाही एकदम विचारले, तर एकमेकांकडे पाहून ठरलेले उत्तर देऊ नये. ‘तुला काय वाटतं?’ असे विचारावे आणि ऐकावे. बहुतेक वेळा असे दिसेल, की मूल आपल्यापेक्षा दोन पावले पुढे आहे. त्याला बोळक्यात भात नसल्याचे केव्हाच कळले आहे, आणि आपण जेवायला बसतो की नाही, एवढेच ते पाहत आहे.